विमलताईंचं पुस्तक घेऊन फिरताना

वाचनालयांचं सरकारी अनुदान जमा झालं की आम्हा पुस्तकं विकणाऱ्यांची दिवाळी, मग ते भर उन्हाळ्यात का जमा होईना. मी एका मराठी प्रकाशनसंस्थेत विक्री प्रतिनिधी होतो. नवी पुस्तकं पिशवीत भरायची आणि गावोगावच्या ग्रंथपालांसमोर जाऊन बसायचं, हे काम. माझं मूळ गाव रायगडात, खाडीच्या काठावर. आमच्या मोहल्ल्यातली मुलं एक तर बोटीवर जायची, नाही तर आखातात. मी वाशीला पुस्तकांच्या नोकरीला लागलो तेव्हा अब्बांनी विचारलं होतं, "पुस्तक विकायला माणूस कशाला लागतो रे? ज्याला वाचायचं तो जाईल की दुकानात."

अब्बांचं म्हणणं तसं बरोबर वाटतं. पण दुकानात जाणाऱ्याला आधी कळायला हवं ना, की असं एक पुस्तक आहे. ते कळवण्याचे आमचे ठरलेले रस्ते होते. वर्तमानपत्रांना अभिप्रायासाठी दोन-दोन प्रती पाठवायच्या. नशीब असेल तर परीक्षण यायचं, नाही तर 'साभार पोच' या मथळ्याखाली नुसतं नाव. प्रकाशन समारंभ करायचा. त्यात पाहुणे भरपूर बोलायचे आणि लेखकाचं मनोगत चहाच्या वासात वाहून जायचं. मग प्रदर्शनं, महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, आणि सगळ्यात मोठा आधार म्हणजे वाचनालयं. ग्रंथपालाला पुस्तक आवडलं तर तो प्रत्येक वाचकाच्या हातात ते स्वतः देतो. असे ग्रंथपाल मला माहीत होते आणि त्यांच्या चहाच्या वेळाही माहीत होत्या.

लेखकही तऱ्हेतऱ्हेचे भेटले. नेरुळला एक निवृत्त इंजिनिअर होते, त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं होतं. ते वेगवेगळे आवाज काढून दुकानांत फोन करायचे आणि स्वतःचंच पुस्तक मागायचे. कधी प्राध्यापक व्हायचे, कधी कॉलेजची पोरगी. दुकानदार भराभर प्रती मागवून ठेवायचे आणि घ्यायला कोणी फिरकायचं नाही. शेवटी वाशीच्या एका दुकानदाराने त्या कॉलेजच्या पोरीला फोनवर शांतपणे सांगितलं, "काका, तुमच्या पुस्तकाचा ढीग लागलाय इथं, या आणि घेऊन जा." मी हा किस्सा पुष्कळदा हसत सांगितला आहे. पण आपलं पुस्तक कोणीतरी मागावं यासाठी माणूस किती तळमळतो, ते त्या इंजिनिअरसाहेबांकडे बघून मला पहिल्यांदा कळलं.

विमलताई कांबळे मात्र कधीच कोणाला फोन करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्या वाशीतल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. त्यांचं लहानपण तुर्भ्याच्या डोंगरातल्या दगडखाणींवर गेलं. मराठवाड्यात पाणी आटलं तेव्हा त्यांचे आईवडील तिकडचं गाव सोडून इथं खडी फोडायला आले होते. त्या खाणीवरच्या आयुष्याचं त्यांनी पुस्तक लिहिलं, 'सुरुंगाची वेळ'. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी शिट्टी वाजायची, माणसं पळून आडोशाला जायची आणि धुरळा बसला की परत येऊन फोडायला लागायची. विमलताईंची आई एकदा शिट्टी वाजल्यावर परत फिरली. झोपडीत तापाने निजलेल्या मुलीला उचलायला ती गेली होती. मुलगी वाचली.

वडील आधीच गेले होते, म्हणून पुढे त्या मुलीला वाढवलं शेजारच्या झोपडीतल्या बाईने. सखूमावशी तिचं नाव. हे सगळं पुस्तकात होतं. हस्तलिखित वाचून झाल्यावर मी आमच्या मालकांना सांगितलं की हे पुस्तक मी कुठेही विकून दाखवतो.

प्रकाशन वाशीलाच होतं. पाहुणे बोलले, मग विमलताई मनोगताला उभ्या राहिल्या. त्यांनी माइक धरला, समोर पाहिलं आणि आवाज फुटेना. सभागृह थांबून राहिलं. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. त्या तशाच उभ्या, ओठ हलताहेत, आणि नजर मात्र एकेका रांगेवरून फिरते आहे. मला राहवलं नाही. मी स्टेजवर गेलो, त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि म्हणालो, "ताईंच्या वतीने मी थोडं वाचतो." सखूमावशी छोट्या विमलला जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन जाते, ते प्रकरण मी वाचलं. मास्तर विचारतात, मुलीची तुम्ही कोण? मावशी म्हणते, "सध्या तरी सगळीच." सभागृहात मागे बसलेल्या बाया हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावले. त्या संध्याकाळी टेबलावरच्या सगळ्या प्रती गेल्या.

त्यानंतर आमची पद्धतच पडली. मी वाचायचं, विमलताईंनी शेजारी बसायचं. सुट्टीच्या दिवशी आम्ही बसने निघायचो. पनवेल, उरण, ऐरोली, बेलापूर. त्या डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायच्या, मी घरचे बांगडे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांवर डबा ठेवून आम्ही जेवायचो. वाचन झाल्यावर लोक त्यांच्याभोवती जमायचे. जमावासमोर त्यांना बोलता यायचं नाही, पण एकेका माणसाशी त्या छान बोलायच्या. कोणी आपल्या आईबद्दल सांगायचं, कोणी गिरणी बंद पडल्यावरचं. पुस्तकावर सही करताना त्या समोरच्याचं नाव विचारायच्या, गाव विचारायच्या आणि मग हळूच आणखी एक प्रश्न विचारायच्या. तो प्रश्न मला बरेच दिवस नीट ऐकू आला नव्हता.

उरणच्या वाचनालयात तो कळला. मी वाचत होतो आणि विमलताई मध्येच उठल्या. खुर्च्यांमधून वाट काढत शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या. तिथं डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती. विमलताई तिच्यासमोर वाकल्या, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तशाच वळून परत आल्या. मी वाचायचा थांबलो होतो. त्या खाली बसत म्हणाल्या, "वाचा तुम्ही."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "ताई, कोण वाटल्या त्या?"

"सखूमावशी."

"त्या आहेत अजून?"

"मला काय माहीत." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मुश्ताकभाई, माझा मामा मला गावाला घेऊन गेला तेव्हा मी दहा वर्षांची असेन. मावशी रस्त्यापर्यंत आली होती. शिकून नोकरीला लागले आणि पहिल्यांदा इकडे आले, तर खाण बंद, वस्ती उठलेली. कोणाला विचारणार? तिचं आडनावसुद्धा मला ठाऊक नाही. लहान पोराला मावशीचं आडनाव कशाला लागतं?"

मी मांडीवरची पुस्तकांची पिशवी सावरली.

"तुम्हाला वाटत असेल बाईला पुस्तक विकायची फार हौस आहे, म्हणून दर सुट्टीला येते," त्या म्हणाल्या. "मी पुस्तक लिहिलंच त्यासाठी. सही करताना प्रत्येकाला तिचंच विचारते. म्हटलं, कोणीतरी वाचेल, कोणीतरी सांगेल, अशी एक बाई आमच्याकडे राहते."

त्या दिवसापासून मी पुस्तक वेगळ्या तऱ्हेने विकायला लागलो. ग्रंथपालाला प्रती द्यायच्या आणि सांगायचं, वाचून झाल्यावर विचारा लोकांना, खाणीवरची सखू कोणाला माहीत आहे का. आंबेडकरी वस्तीतल्या बुद्धविहारांमध्ये आम्ही गेलो, तिथं लोक दाटीवाटीने बसून ऐकायचे. करावे गावातल्या बायांच्या बचत गटातही आम्ही पुस्तक नेलं. तिथल्या एक वयस्कर बाई टोपलीत मासळी घेऊन दारोदार जायच्या. वाचन ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या बाया सगल्या नोडात, सेक्टरा-सेक्टरान फिरतान. आमी इचारू ना घराघरान. सखू मावशी हाय का कोनाकडं, दगडखानीवरची. कोन गावली तं तुला सांगू." आणि त्यांनी खरंच विचारलं. महिनोन्महिने नवी मुंबईत बोंबील आणि कोलंबी विकता विकता कोळणी सखूमावशीची चौकशी करत होत्या. कुठल्याही प्रकाशकाला एवढी जाहिरात करता आली नसती.

बातम्या यायच्या. कळंबोलीला एक सखूबाई निघाल्या, त्या साताऱ्याच्या. कोपरखैरण्याच्या सखूबाई खाणीवर होत्या, पण त्यांनी कधी कोणाचं मूल वाढवलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी आम्ही जायचो. परत येताना विमलताई फक्त विचारायच्या, "पुढचं वाचन कुठं लावलंय?"

पुस्तक हळूहळू वाचलं जात राहिलं, आवृत्त्या निघाल्या. मावशी मिळाली नाही. आणि मग एकेक गोष्टी बदलत गेल्या. वर्तमानपत्रांतली परीक्षणांची पानं आकसली. ओळखीचे ग्रंथपाल निवृत्त झाले. माझीही निवृत्ती झाली. माझ्या जागी नवा प्रतिनिधी नेमला नाही, मालकांच्या मुलाने सांगितलं की आता त्याची गरज नाही. विमलताईसुद्धा नोकरीतून सुटल्या आणि मुलासोबत उलव्याला राहायला गेल्या. सुट्टीच्या सकाळी मी सवयीने लवकर उठायचो, कपडे करायचो आणि मग गॅलरीत उभा राहायचो. बायको म्हणायची, "कुठं निघालात?" निघायचं कुठेच नसायचं. ती चहा पुढे करायची आणि मी घ्यायचो.

विमलताईंचं दुसरं पुस्तक लिहून झालं तेव्हा आमच्या जुन्या ऑफिसात मला आवर्जून बोलावलं. तिथं मृण्मयी नावाची एक मुलगी होती, पुस्तकांच्या प्रसिद्धीचं सगळं काम तिच्याकडे. हुशार आणि बोलायला मोकळी. विमलताईही आल्या होत्या.

मी म्हटलं, "ऐरोलीपासून सुरुवात करू. तिथं ताईंना मानणारे लोक आहेत."

मृण्मयी म्हणाली, "काका, वाचनालयांना कॉपीज जातील, त्याचं टेन्शन नका घेऊ. पण आता लेखकच लोकांना दिसावा लागतो. मॅडमनी दर आठवड्याला एक छोटा व्हिडिओ केला तर? खाणीच्या जागी आता काय आहे, तिथं उभं राहून. दीड मिनिटाचं रील. बघा, लाखभर लोकांपर्यंत आरामात जाईल."

"लाखभर लोक बघतील," मी म्हटलं, "पण पुस्तक कोण घेईल? समोर बसलेला माणूस घेतो, कारण तो आपल्या डोळ्यांत बघतो."

"समोर किती बसायचे काका?"

ती हे खवचटपणे म्हणाली नव्हती, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.  कधी कधी समोर वाचनालयाचा शिपाई आणि पंख्याखाली झोपलेले दोन आजोबा एवढेच असायचे.

विमलताई इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला कॅमेऱ्यासमोर बोलता यायचं नाही. मुश्ताकभाईंना विचार. पण मोबाइलवर लिहिलं तर चालेल का? रोज थोडं थोडं?"

मृण्मयीने तिथल्या तिथे त्यांचं पेज काढून दिलं. मला मनातून वाटलं, पाच-सहा दिवस लिहितील आणि सोडून देतील.

त्यांनी सोडलं नाही. माझ्या मुलीने मला त्यांचं पेज कसं बघायचं ते शिकवलं आणि मी रोज सकाळी चष्मा लावून बसायला लागलो. विमलताई दहा-बारा ओळी लिहायच्या. खाणीवर भाकरीला दगडाची कच कशी लागायची, पहिल्या दिवशी शाळेत बाकावर बसताना आधी हाताने बाक कसा पुसला. सभागृहात जो आवाज फुटत नव्हता तो इथं स्वच्छ वाहत होता. खाली लोक लिहायचे. कुठले कुठले लोक. नांदेडचा रिक्षावाला, पुण्यातली कॉम्प्युटर इंजिनिअर, दुबईच्या एखाद्या साइटवरचा फोरमन. काही जण घाणेरडंही लिहायचे, जात काढायचे. मी रागाने लगेच विमलताईंना फोन करायचो. त्या म्हणायच्या, "राहू द्या भाई. खाणीवर यापेक्षा वाईट ऐकलंय." त्यांना सगळ्यांना उत्तरं द्यायची असायची, म्हणून फोन लवकर ठेवायच्या.  पूर्वी वाचकांना मी ताईंपर्यंत घेऊन यायचो. खुर्ची द्यायचो, नाव सांगायचो. आता सगळेच आपले आपण येत होते.

एक दिवस त्यांनी सखूमावशीवर लिहिलं. पुस्तकात नसलेली एक गोष्ट. खाणीवर केसांना बांधायला रिबीन कुठली असणार, तर मावशी सायकलची फुटलेली ट्यूब विळीवर कापून तिची बारीक गोल रबरं करायची आणि त्यांनी विमलच्या दोन वेण्या बांधायची. शाळेत मुली हसल्या. घरी येऊन विमल रडली. तेव्हा मावशीने एक रबर स्वतःच्या अंबाड्याला लावलं आणि म्हणाली, "आता कोन हसतंय बघू." शेवटी विमलताईंनी लिहिलं होतं, मी तिला शोधते आहे, तिचं आडनाव मला माहीत नाही.

ती पोस्ट इतकी फिरली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आली. ज्याने टाकली त्या शेजाऱ्याला माझी आणि विमलताईंची ओळख आहे हे ठाऊकच नव्हतं. आणि हजारो प्रतिक्रियांमध्ये एक साधी ओळ होती, पूजा नावाच्या मुलीची. "माझी आजी पण मला लहानपणी ट्यूबचे रबर लावायची. तिचं नाव सखू आहे. ती खाणीवर होती."

विमलताईंचा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो. त्या म्हणाल्या, "भाई, दिघ्याला आहे ती." 

दिघा ऐरोलीच्या शेजारी. ऐरोलीच्या वाचनालयात आम्ही किती वेळा गेलो होतो त्याचा हिशेब नाही. खिडकीतून समोर डोंगर दिसायचा आणि डोंगराच्या अंगावर चढत गेलेली घरं. त्या खिडकीत उभं राहून मी चहा प्यायलो आहे.

आम्ही तिघं मृण्मयीच्या गाडीतून गेलो. पूजा खाली रस्त्यावर थांबली होती. वाशीच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करणारी, विशीतली मुलगी. पायऱ्या चढताना मी तिला विचारलं, "बेटा, इथं खाली वाचनालय आहे, तुझ्या घरातलं कोणी गेलंय कधी?"

"त्या पिवळ्या बिल्डिंगमध्ये? ते वाचनालय आहे? मला वाटायचं सरकारी ऑफिस आहे. आमच्यातलं कोणी नाही जात काका."

मी एकदा वळून खालच्या त्या पिवळ्या इमारतीकडे पाहिलं आणि पुढची पायरी चढलो.

घर एका खोलीचं, निळ्या रंगाचं. दाराशी जुनी बाज, त्यावर सखूमावशी. डोळ्यांवर पांढुरका पडदा आलेला, पाठ मात्र ताठ. पूजा म्हणाली, "आजी, आल्या गं त्या."

विमलताई पुढे झाल्या. मी मनात काय काय योजून ठेवलं होतं, आता मिठी मारतील, रडतील. मावशीने हात पुढे केला, विमलताईंचं मनगट पकडलं आणि म्हणाली, "मामाकडं सोडलं व्हतं तुला शिकायला. शिकल्यावर यायचं नव्हतं का?"

"आले होते मावशी. वस्ती उठली होती."

"वस्ती उठली म्हंजी आमी मेलो व्हतो का? हितंच तर व्हतो." तिचा आवाज चढला होता, पण मनगट सुटलं नव्हतं. "रोज वाट बघितली. मग ह्यो डोळा गेला, मग त्यो गेला. मग म्हनलं आता आली तरी कशी वळखू."

विमलताई खाली जमिनीवर बसल्या आणि त्यांनी मावशीच्या मांडीवर डोकं ठेवलं. मावशीने त्यांच्या केसांवर हात फिरवला, विरळ झालेल्या केसांच्या टोकापर्यंत नेला. "इरळ झाले गं सगळे," ती म्हणाली. मग दोघी रडल्या. मी आणि मृण्मयी बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन उभे राहिलो.

मृण्मयीच्या हातात मोबाइल होता. ती डोळे पुसत म्हणाली, "काका, हे लोकांना दाखवायला हवं. इतक्या जणांनी पोस्ट पुढे पाठवली, त्यांना कळायला हवं ना?"

"नको," मी म्हटलं. "हे विकायचं नाही."

"विकायला नाही म्हणत मी."

"मला माहीत आहे. तरी नको."

तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला. आत विमलताईंनी आमचं बोलणं ऐकलं असावं, त्याही म्हणाल्या, "राहू दे गं मृण्मयी." तेवढ्यात मावशीने विचारलं, "काय म्हनती ती पोरगी?"

"फोटो काढायचा म्हणते."

"मग काढू दे की. माझा एकबी फोटो न्हाई घरात."

"मावशी, तो मोबाइलवर सगळीकडे जाईल. अनोळखी लोक बघतील."

"बघू देत. मला दिसत न्हाई तर काय झालं, लोकांला तर दिसंल." ती पदर सारखा करायला लागली. "पूजा, माझं लुगडं नीट हाय का बघ. त्या पोरीला म्हनावं, विमललाबी घे फोटोत."

मृण्मयीने माझ्याकडे पाहिलं.  मी आत जाऊन खिडकी उघडली, म्हणजे उजेड येईल.

त्या एका फोटोने काय केलं ते पुस्तकाच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. दुसरं पुस्तक छापून व्हायच्या आधीच नोंदणीत संपलं. 'सुरुंगाची वेळ' पुन्हा छापावं लागलं. मृण्मयीने मला फोन करून सांगितलं तेव्हा तिचा आनंद खरा होता आणि माझाही खरा होता. सगळ्या नोकरीत पिशव्या वाहून मी जेवढे वाचक जमवले, त्यापेक्षा जास्त तिने एका खिडकीच्या उजेडात जमवले. अब्बा असते तर म्हणाले असते, मी सांगत नव्हतो?

पण मला त्या मागच्या खोल्या आठवतात. जुन्या मासिकांचा वास, भाकरीवरची चटणी, वाचन सुरू व्हायच्या आधी खुर्च्या ओढल्याचा आवाज. शेवटच्या रांगेतल्या प्रत्येक म्हातारीकडे बघणारी विमलताईंची नजर. तेव्हा आम्हाला कोणीच सापडत नव्हतं, तरी पुढच्या सुट्टीला जायचं ठिकाण असायचं. आता सगळं सापडलं आहे. विमलताईंचा फोन येतो, पण मुलाखती असतात, थेट प्रक्षेपणं असतात, त्या घाईत असतात. त्यांनी घाईत असावं हेच तर मला हवं होतं. तरीही बसस्टॉपवर ऐरोलीचा बोर्ड दिसला की पाय थबकतात.

परवा एका सुट्टीच्या दिवशी मी त्या बसमध्ये चढलोच. दिघ्याला उतरलो, डोंगर चढलो. पूजा कामावर गेली होती. मावशी बाजेवर बसली होती.

"कोन हाय?"

"मी मुश्ताक, मावशी. विमलताईंच्या बरोबर आलो होतो, पुस्तकवाला."

"विमल न्हाई आली?"

"त्यांची आज मुलाखत आहे."

"मग तू कसा आलास?"

मी खरं तेच सांगितलं. "आम्ही दोघं तुम्हाला शोधत फिरायचो, मावशी. सुट्टीच्या दिवशी. तशी सवय राहिली."

मावशीने माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.  मग हाताने बाजेवरची गोधडी बाजूला सरकवली.

"मग बस की लेकरा," ती म्हणाली. "का अजून कुनाला हुडकायला जायचंय?"

मी चपला काढल्या आणि बसलो.